लाल चिठ्ठीवाले ढवळे

साल दोन हजार चोवीस, माझं वय बहात्तर. रहाटणीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला येऊन महिना झाला होता. दुपारी चारला गच्चीवर गेलो तर एक गृहस्थ प्लास्टिकच्या जाड पाइपापुढं बसून, डोळे मिटून एक बटण फिरवत होते. उजवा हात असा थरथरत होता की मला वाटलं, अंगात आलं. मी जिन्यातच थिजलो. धावत जाऊन धरावं की खाली जाऊन कुणाला बोलवावं, कळेना. तेवढ्यात हात थांबला. त्याच हातानं त्यांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलला आणि थेंब न सांडता संपवला.

"बसा की तात्या," ते म्हणाले. "हे नापास झालंय."

हे आमचे ढवळे. मूळचे लातूरकडचे. कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत होते, म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळून केलेला माल मापायचा आणि परत पाठवायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. नापास वस्तूला लाल चिठ्ठी, पास झाली तर हिरवी. भाजीवाल्याच्या दुधी भोपळ्याला त्यांनी लाल चिठ्ठी बांधलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

तो पाइप म्हणजे त्यांनी घरी केलेली दुर्बीण. आणि बटण होतं फोकसरचं. फोकसर म्हणजे दुर्बिणीच्या बाजूला बसवलेली वीतभर नळी. तिच्यात डोळा लावायचं भिंग बसतं, बटण फिरवलं की नळी आत-बाहेर होते आणि चित्र स्वच्छ दिसतं. एका दुर्बिणीला एक फोकसर पुरतो. ढवळ्यांकडं नऊ होते. सगळे जुने, कुणाकुणाच्या दुर्बिणीवरून उतरवलेले, फरसाणाच्या डब्यात ठेवलेले. नऊच्या नऊ लाल चिठ्ठीचे.

"हे तापट हाय," एकेक काढून दाखवायचे. "जरा हात लावला की उडी मारतंय. आन हे पोटात ठेवतंय बगा. फिरवलं तरी आधी काईच बोलत न्हाई."

दिवसा निशाणी म्हणून काळेवाडीकडच्या विजेच्या टॉवरचा एक नट ठरलेला. समोरच्या बिल्डिंगनं तक्रार केली की हा माणूस आमच्या खिडक्यांत बघतो. ढवळ्यांनी चेअरमनला वर बोलावून नट दाखवला. चेअरमननं बघितला, "चांगलाय" म्हणाला आणि गेला.

"हात कशाला हलवता ओ?" मी एकदा विचारलं.

"टेस्टिंग," म्हणाले.

मी चौथीपर्यंत शिकलो, पण लेथवर छत्तीस वर्षं काढली. प्रत्येक फोकसरच्या भोकाचं माप वेगळं, पाइपावर बसवायला मधे रिंग लागते. चिखलीत मुलाचं वर्कशॉप आहे, तिथं मी स्वतः रिंग कातून दिली. दुसऱ्या दिवशी ती लाल चिठ्ठी लागून दारात. मी हबकलोच. छत्तीस वर्षांत माझा माल परत आला नव्हता.

"तीन पॉइंट जास्त हाय तात्या."

"तुमचंच माप चुकलं आसंल."

"माप चुकत न्हाई ओ. माणूस चुकतंय."

तीन पॉइंट म्हणजे केसाचा अर्धा भाग. मी वर्कशॉपात जाऊन मापलं. तीन पॉइंट. गुपचूप दुसरी कातली.

मग दिवाळीनंतर राजगुरुनगरच्या एका गृहस्थाकडून दहावा फोकसर आला. याला बाकीच्यांसारखे दाते नव्हते, नुसती बटणाची दांडी नळीला दाबून धरायची आणि सरकवायची. ढवळ्यांनी डोळे मिटले, हात पाच मिनिटं थरथरवला. मग खिशातून हिरवी चिठ्ठी काढली. गाठ मारताना तीनदा सुटली.

"उद्या संध्याकाळी या तात्या. शनी बगायचाय. त्याचं कडं बारीक व्हायलंय. पुढच्या साली आडवं झालं की दिसायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच वर गेलो. दुर्बिणीवरचं कापड काढून बटण फिरवून बघितलं. कोरडं. लेथवाल्याच्या हाताला कोरडं सोसत नाही. म्हटलं, क्वालिटीवाल्याला कळू दे गुळगुळीत कशाला म्हणतात. वर्कशॉपातली तेलाची झारी आणली आणि नळीवर चार थेंब सोडले.

दिवेलागणीला ढवळे बायकोला धरून वर घेऊन आले. या वहिनींचा मी आतून फक्त आवाज ऐकला होता, "चहा ठेवलाय, घेऊन जा" एवढाच. दोन्ही हात पदरात. खुर्चीत बसल्या आणि उजवा हात बाहेर काढला. हात थरथरत होता. तीच थरथर, त्याच चालीची.

"तीस वर्षं फळ्यावर शनी काढला भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाहिला मात्र नाही कधी."

"मी जमवून देऊ का?" ढवळ्यांनी विचारलं.

"नको. तुमच्या डोळ्याला जमलेलं मला धुरकट दिसतं. माझं मी जमवीन."

त्यांनी बटण फिरवलं. नळी भिंगाच्या वजनानं सर्रकन आत गेली. पुन्हा फिरवलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी हात पदरात घेतला.

"राहू द्या. हातच ऐकत नाही आता."

ढवळ्यांनी नळीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या दांडीची पकड कोरडी असली तरच पकड, हे मला तेव्हा कळलं.

"हाताला काय झालंय?" ते बायकोला म्हणाले. "मालच नापास हाय. त्या राजगुरुनगरवाल्यानं फसवलं आपल्याला." हिरवी चिठ्ठी सोडली, लाल बांधली आणि तिला धरून खाली नेलं.

माझे तीन पॉइंट सोडले नाहीत त्या माणसानं, आणि माझ्यासाठी खोटा शेरा मारला. वहिनींनी त्यांचं ऐकलं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. जिना उतरताना हात पदरातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दार वाजवलं. वहिनींनी उघडलं.

"वहिनी, काल तुमचा हात घसरला न्हाई. त्याला तेल मी घातलं व्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा असलं काही बोललो, तर म्हटलं सगळंच होऊन जाऊ दे. आत बघून ओरडलो, "आन ढवळे, ती रिंग बी तीन पॉइंट जास्तच व्हती."

"म्हाईत हाय," आतून आवाज आला.

गच्चीवर गेलो. फोकसर खोलला, पेट्रोलनं धुतला, तीन फडकी बदलून कोरडा केला, परत बसवला. टॉवरचा नट धरला. मग डोळे मिटले आणि उजवा हात थरथरवत बटण फिरवायला लागलो. चेअरमन टाकी बघायला वर आला होता, तो जिन्यातच थांबला. मी हात थांबवला नाही.