अष्टमीची गोळी

कामठ्याच्या अनुसयाबाईंनी नवरात्रातल्या अष्टमीचा उपास नुसत्या पाण्यावर धरला, आणि शुगरची गोळी मात्र घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही. देवीला शब्द दिला होता, अन्नाचा कण घ्यायचा नाही. गोळी काही अन्नात मोडत नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच केला, आणि दोघांचंही मन राखल्याच्या समाधानात त्या घटापुढे जप करत बसल्या.

दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला. हातपाय लटपटू लागले, जीभ जड झाली. सून दुर्गेश्वरी शेतावर होती. घरात फक्त ओटी भरायला आलेल्या शेजारच्या सुलोचनाबाई आणि त्यांची नात रेणू.

"आजी, पाय ना, अनुसयाआजी कशा थरथरून रायल्या. डॉक्टरले बोलावू का?"

"चूप राय. देवी आली अंगात."

सुलोचनाबाईंनी अनुसयाबाईंचा अंबाडा सोडला, कपाळभर कुंकू फासलं. अनुसयाबाईंना म्हणायचं होतं, बाई, काही खायला दे. तोंडातून नुसतं 'हं हं' निघालं. तेवढ्यात सुलोचनाबाईंनी पदर पसरला.

"माय, आमची रेणू नर्सिंगले नागपूरले जातो म्हणते. दोन दिवसांत नाव टाकायचं हाये. धाडू का?"

अनुसयाबाईंची मान आधीपासूनच डावी-उजवी हलत होती. ती थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"पाय, नाई म्हणते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि पाया पडल्या. रेणू उठून दारात जाऊन उभी राहिली.

दुर्गेश्वरी आली, तिनं सासूचा चेहरा पाहिला आणि आधी साखरेचं पाणी पाजलं. मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "उपाशीपोटी ही गोळी घेतलीत म्हणून साखर उतरली. उपास करायचा असेल, तर आधी मला विचारत जा."

उपास मोडल्याचं दुःख अनुसयाबाईंनी गिळलं. पण रेणूचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. नवमीला सकाळीच त्यांनी सुलोचनाबाईंचं घर गाठलं.

"बाई, ते देवी नोहती. गोळी होती."

"असं म्हणू नोको, पाप लागते. कोण आलं होतं, ते तुले कसं समजन? तू शुद्धीत होती का?"

"डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टरले देवीचं का समजते?"

देवीचं सुलोचनाबाई फक्त देवीकडूनच ऐकतील, एवढं अनुसयाबाईंना कळलं. उभ्या जन्मात त्यांनी देवापुढं खोटेपणा केला नव्हता. घटापुढे कान धरून त्या पुटपुटल्या, "माय, पोरीसाठी करतो. क्षमा कर."

संध्याकाळच्या आरतीला सगळ्या बाया जमल्या. टाळ्या रंगात आल्या आणि अनुसयाबाई घुमू लागल्या. कालच्यापेक्षा जरा जास्तच घुमल्या. सुलोचनाबाईंनी हात जोडले. अनुसयाबाईंनी आवाज चढवला, "रेणूले नाग..."

पुढचं आतच राहिलं. दवाखान्यातून आल्यापासून दुर्गेश्वरी पदराला साखरेची पुडी बांधून फिरत होती. तिनं झेप घेतली आणि मूठभर साखर सासूच्या तोंडात कोंबली.

"सरका सगळ्या, आईची शुगर उतरली."

अनुसयाबाईंना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, घुमणं बंद पडलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सुलोचनाबाईंनी मान डोलावली.

"खरंच होय वं. साखर पडली आन् बंद झाली. हे तर गोळीच होय."

"तेच तं सांगून रायलो सकाळपासून," अनुसयाबाई साखरेतून कशाबशा बोलल्या. "कालचंही तसंच होतं."

"कालचं कसं तसं होईन? काल 'नाई' म्हणून देवी आपल्या मनानं गेली, मंग सून आली. आज नुसती शुगर." आणि त्यांनी मायेनं अनुसयाबाईंचा घाम पुसला. "जपत जाय बाई. उद्या दवाखान्यात जाऊन गोळीचं विचारून ये. आमची रेणू येईन सोबत. तिले आता कोठं जा लागते?"