पुढचा प्रश्न

नकाराचे पेढे वाटणारा माणूस जळकोटात एकच होऊन गेला, आणि तो श्रावस्तीचा बाप होता.

राजपाल गावातल्या एका शाळेची गाडी चालवायचा. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. विमा उतरवलेला होता, त्यामुळं घर निर्धास्त होतं. एका दुपारी विमा कंपनीतून फोन आला. पलीकडची बाई इंग्रजीत बोलत होती, आणि इतक्या गोड आवाजात, की आजारी राजपाल खाटेवर उठून बसला. मधूनमधून तो "येस मॅडम" म्हणाला, शेवटी "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवून बायकोला म्हणाला, "पंचशीला, झालं काम. लई चांगली बाई होती."

हायवेवरच्या हॉटेलातून पेढे आले. पहिला पेढा बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला, बाकीचे गल्लीत वाटले. ती बाई 'नाही' म्हणत होती, हे नंतर दवाखान्याच्या काउंटरवर कळलं. मग धावाधाव सुरू झाली, पण राजपालच्या काळजानं तेवढा दम धरला नाही. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला शेजारची धुरपताबाई आली, पंचशीलाच्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसत म्हणाली, "पेढं मात्र चांगलं व्हतं गं."

त्याच दिवशी श्रावस्तीनं ठरवलं, इंग्रजी शिकायचं. या घरात पुन्हा कोणी न कळता थँक्यू म्हणायचं नाही.

ती बी.ए. झाली होती, पण मराठीतून. क्लास तुळजापूरला, म्हणजे फी आली आणि रोजचं भाडं आलं. मोबाइल मात्र घरातच होता. त्यावर ती परदेशी नटनट्यांच्या मुलाखती बघू लागली. पहिले काही दिवस काहीच पदरात पडलं नाही. ही मंडळी हसायची, टाळ्या द्यायची आणि भरभर बोलायची. मग एक मुलाखत अशी लागली, की नटाला त्याच्या सोडून गेलेल्या बायकोबद्दल विचारलं आणि त्याचं टाळकं सटकलं. तो एकेक शब्द सुटा सुटा, दात चावून बोलू लागला. श्रावस्तीला सगळं कळलं.

खूश माणसाचं इंग्रजी कळत नाही, चिडलेल्याचं कळतं, हा शोध तिनं स्वतःच्या बळावर लावला. त्यानंतर तिनं फक्त बिनसलेल्या मुलाखती बघितल्या. मोबाइलही गुणी, एक बघितली की आणखी तसल्याच काढून द्यायचा. पावसाळा सरेपर्यंत तिला इंग्रजी येऊ लागलं. त्यात प्लीज नव्हतं, सॉरी नव्हतं, राम राम नव्हता. प्रश्न आला की गप्प बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, ओठाच्या एका कोपऱ्यानं हसायचं आणि उत्तर द्यायचं नाही. फारच झालं तर कॉलरचा माइक काढून खुर्चीवर ठेवायचा आणि चालू लागायचं. इंग्रजीत मुलाखत म्हणतात ती हीच, अशी तिची पक्की समजूत झाली.

सरावाला आई होती. माइक म्हणून ओढणीला कपड्यांचा चिमटा.

"जेवलीस का गं?" पंचशीला विचारायची.

श्रावस्ती थोडा वेळ भिंतीकडं बघायची. "आय वोन्ट आन्सर दॅट."

"म्हंजी जेवलीस का न्हाय?"

"नेक्स्ट क्वेश्चन."

"भाकरी झाकून ठिवते," पंचशीला म्हणायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली ती बाई लेकीच्या इंग्रजीकडं कौतुकानं बघत बसायची. श्रावस्तीला ते खुरपं बंद करायचं होतं, बाकी काही नको होतं.

सोलापुरात एका कार्यालयात फोनवर इंग्रजी बोलणारी माणसं हवी होती. श्रावस्ती एसटीनं गेली. मुलाखतीला चन्नबसप्पा सर आणि वृषाली मॅडम होते. सरांनी इंग्रजीत सांगितलं, स्वतःबद्दल सांगा.

श्रावस्तीनं पाण्याचा घोट घेतला. मग तिनं इंग्रजीतच विचारलं, समोरचा माझा अर्ज वाचून आला नाहीत का?

सरांनी कागद उचलला. मॅडमनी विचारलं, ही नोकरी का हवी?

"आय वोन्ट आन्सर दॅट."

पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?

"नेक्स्ट क्वेश्चन."

सर आणि मॅडम एकमेकांकडं बघू लागले. मग मॅडमनी मऊ आवाजात, मराठीत विचारलं, "वडील नाहीत असं दिसतंय. काय झालं होतं त्यांना?"

याचा सराव झालेला नव्हता. मुलाखतीत या जागी माणसं काय करतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिचा हात ओढणीकडं गेला, पण चिमटा घरी राहिला होता. गळ्यात पाहुण्यांना देतात तो पास होता. तिनं तो काढून टेबलावर ठेवला, "वी आर डन हिअर" म्हणाली आणि बाहेर पडली. एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसली आणि ढसाढसा रडली.

तेवढ्यात फोन वाजला. चन्नबसप्पा सर होते, आणि आता त्यांचं इंग्रजी संपलं होतं. "कुठं गेलीस पोरी? आमी इतकं खोदून इचारलं, तू एका बी प्रश्नाला उत्तर दिलं न्हाईस. आवाज बी चढला न्हाय. असं माणूस आमी कवाधरनं हुडकायलोय. ये माघारी."

पंचशीलानं पेढे आणले. धुरपताबाईनं पेढा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "या येळंला खरं हाय नव्हं?"

खरं होतं. कामावर बसल्यावर श्रावस्तीला कळलं, की ही विम्याचीच कचेरी आहे आणि तिला नकार कळवायच्या टेबलावर बसवलं आहे. नकार इंग्रजीतच कळवायचा, आवाज गोड ठेवायचा, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. बोलणं सगळं टेप होतं. ती खुर्चीवरून उठली. मग आईचं खुरपं आठवलं आणि तिनं हेडफोन कानाला लावला.

पहिलाच फोन अणदूरला लावायचा होता. सिद्रामप्पा नावाचे म्हातारे होते, त्यांची बायको दवाखान्यात होती. श्रावस्तीनं लिहून दिलेलं सगळं गोड आवाजात वाचलं.

"येस मॅडम," सिद्रामप्पा म्हणाले. "येस, येस. थँक्यू मॅडम. लई उपकार झाले." मग फोन न ठेवताच शेजारी कोणाला तरी म्हणाले, "झालं बघ काम. लई चांगली बाई हाय."

श्रावस्तीचं बोट फोन बंद करायच्या बटणावर होतं. ते तिथंच थांबलं.

"काका," ती म्हणाली, "पेढे आणू नका."

"कोण बोलतंय?"

"मीच. मगाचचीच. मंजूर न्हाय झालं, काका. नाही म्हणालेत."

"आन मगाशी इंग्रजीत काय सांगत व्हता?"

"तेच."

"मंग इतकं बरं का वाटलं वो मला?"

श्रावस्तीनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "काका, आजच दुसरीकडं बघा," ती म्हणाली. "आमची वेळ पेढ्यांत गेली."

फोन ठेवून तिनं मान वळवली तर मागं चन्नबसप्पा सर उभे. "काय बोललीस त्याला?"

श्रावस्तीनं हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला आणि चालू लागली.

एसटी स्टँडवर ती मोबाइल हातात धरून बसली. जळकोटची एक गाडी तिनं मुद्दाम सोडली. या वेळी फोन आला नाही. दुसऱ्या गाडीत ती चढली.

पंचशीला दुपारच्या भाकरीला रानातून नुकतीच घरी येऊन मळक्या हातांनी चुलीपाशी बसली होती. खुरपायचा आजचा दिवस शेवटचा म्हणून ती रानात गेली होती. लेक अशी भरदिवसा दारात दिसल्यावर तिनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या खुरप्याकडं.

"जेवलीस का गं?"

"न्हाय आई," श्रावस्ती म्हणाली. "वाढ."

पुढचा प्रश्न पंचशीलानं विचारला नाही. तिनं ताट घेतलं.