'ओ'चा 'उए' होताना

ज्ञान जितकं खोल, तितका ते कुणाच्या उपयोगी पडण्याचा धोका कमी. या तत्त्वावर श्रद्धा असल्यामुळेच मी रोमान्स भाषांच्या भाषाशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली. (रोमान्स भाषा म्हणजे लॅटिनच्या लेकी: स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन वगैरे. लग्न ठरताना मावशीने विषयाचं नाव दडपून 'कायदा' असं सांगितलं होतं.) प्रबंधाचा विषय: लॅटिनमधल्या आघातयुक्त ऱ्हस्व 'ओ'चा स्पॅनिशमध्ये 'उए' कसा झाला. याला आठ वर्षं लागली. खुद्द 'ओ'ला काही शतकं लागली होती. त्या मानाने मी घाईच केली.

स्पॅनिश मला बोलता येत नव्हतं. भाषा बोलू लागलं की तिच्याकडे तटस्थपणे पाहता येत नाही, असं माझे मार्गदर्शक म्हणत. त्यांची तटस्थता तर तीस वर्षांची होती.

माझी बायको इस्पितळात नर्स. एका दुपारी तिचा फोन आला. एक परदेशी आजीबाई पोट धरून आल्या होत्या, बरोबर कुणी नव्हतं, आणि स्पॅनिशखेरीज एक शब्द बोलत नव्हत्या. माझा नवरा स्पॅनिशवरच संशोधन करतो, असं तिने डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं.

मी वही घेऊन पोचलो. डॉक्टरांनी अदबीने वाट दिली. आजीबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मे दुएले."

माझ्या अंगावर काटा आला. लॅटिन 'दोलेत', म्हणजे 'दुखतं', त्याचं 'दुएले'. आठ वर्षांत जिवंत माणसाच्या तोंडून मिळालेलं पहिलंच उदाहरण. पुन्हा म्हणा, अशी मी खूण केली. तीनदा नोंदवून घेतलं. तिसऱ्यांदा त्या किंचाळल्या, त्यामुळे स्वर फारच स्वच्छ आला.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तृतीय पुरुष, एकवचन," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं रूप कुठल्याही व्याकरणात दिलेलं नाही. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या आयाबाई (शिक्षण: चौथी) बादली ठेवून पुढे आल्या आणि आजीबाईंच्या पोटावर उजवीकडे, खाली, हलकेच हात ठेवला. "इथं दुखतंय का गं बाई?"

आजीबाई कळवळल्या. आयाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "इथं आहे," आणि बादली उचलून गेल्या. आजीबाईंना लगोलग ऑपरेशनला नेलं.

प्रबंधात ही नोंद पान २१४ वर, तळटिपेत आहे: 'माहितीदाता: स्त्री, वय सुमारे सत्तर. ध्वनीची प्रत उत्तम. (कण्हणं वगळलं आहे.)' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच आक्षेप घेतला: नमुने तीनच का? माहितीदात्याला मध्येच उचलून नेलं, असं मी सांगितलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि मला पदवी दिली. समारंभाला बायको आली, तिने टाळ्याही वाजवल्या. परतताना एवढंच म्हणाली, "तुला कधी काही दुखलं, तर आयाबाईंना सांग."

राहता राहिल्या आजीबाई. अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं, आठवड्यात त्या हिंडूफिरू लागल्या, आणि जाताना आयाबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. तळटीप, परीक्षक, पदवी असं सगळं तुम्ही इथवर निवांत वाचत आलात. या बाईचं पुढे काय झालं, हे मध्ये एकदाही मनात आलं नसेल, तर संकोचू नका. आमच्या विभागात नावनोंदणी वर्षभर चालू असते.