करंगळीतली रिंग

फोरमनने बसवलेला जोड कधीच गळत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतः फोरमनच ते दिवसभर सांगत फिरायचा. रबरी रिंगेला कचरा लागू नये म्हणून तो ती तेलात बुडवून करंगळीत घालायचा, पाइपाच्या जोडातली खाच पुसायचा आणि मग रिंग तीत बसवायचा. आज तो खाच पुसत असतानाच साहेब गिऱ्हाइकाला घेऊन आले. फोरमनने स्वतःच्या कौतुकाचं छोटंसं भाषण ठोकलं आणि बोलता बोलता नट आवळून टाकला.

तेलाच्या दाबावर चालणारा प्रेस सुरू झाला, दाब चढला आणि जोडातून तेलाची चिळकांडी थेट गिऱ्हाइकाच्या शर्टावर उडाली.

"बंद करा! दाब सोडा!" साहेब ओरडले. "हे काय?"

"रिंग खराब," फोरमन छातीठोकपणे म्हणाला. "स्टोअरने भलतीच दिली."

स्टोअर त्याची बायको सांभाळत होती आणि आजच तिला नोकरीत कायम करणार होते. हे त्याला बोलून गेल्यावर आठवलं.

जोड उघडला, तर खाच रिकामी.

"रिंग गेली कुठे?"

"तुकडे होऊन आत गेली असेल," फोरमनने रेटून दिलं.

"मशीनमध्ये?" गिऱ्हाईक किंचाळलं.

झालं! टाकी उपसणं आलं, सगळं तेल गाळणं आलं. "बाई, रिंगेचा छडा लागेपर्यंत तुमचं कायम होणं थांबलं," साहेबांनी तिला बोलावून सांगितलं. बायकोने स्टोअरमधून चाळणी आणून दिली.

चाळणी धरण्यापूर्वी फोरमनने हात पुसले आणि काळ्या करंगळीवरची काळी रिंग त्याला दिसली. त्याचे कान तापले. खरं सांगावं तर नाक कापलं जाणार. त्याने रिंग हळूच चाळणीत सोडली.

"सापडली!"

साहेबांनी ती उजेडात धरली. "एवढा दाब सोसून साधा ओरखडा नाही! बाई, माल अस्सल आहे, तुम्ही आजपासून कायम. पण मग गळलं कसं?" ते फोरमनकडे वळले.

"साहेब, तेलातच काहीतरी असेल," बायको घाईघाईने म्हणाली. "यांचा हात कधी चुकत नाही."

आता मात्र फोरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकला," तो पुटपुटला. "रिंग माझ्या करंगळीतच होती. मी हिच्यावर ढकललं."

दुसऱ्या दिवशी तो स्टोअरच्या खिडकीशी रिंग मागायला गेला.

"दोन्ही हात दाखवा," बायको म्हणाली.

"अगं, सगळे बघतायत."

"बघू देत. आता उलटे करा."

त्याने मुकाट्याने हात उलटे केले.