शालनने उभ्याने सांगितलेली कहाणी

पळसोलीत अन्यायाची तक्रार व्यासपीठावर उभं राहून, हसवून सांगावी लागते. ऐकणारे हसले नाहीत तर तक्रारदाराचा आवाज नगरपालिका जमा करून घेते. आवाज चिनी मातीच्या बरणीत ठेवतात, वरून फडकं बांधतात आणि पालिकेच्या मागच्या खोलीत या बरण्या लोणच्यासारख्या ओळीनं मांडतात. खोलीजवळून गेलं की आत कुणीतरी पुटपुटल्यासारखं वाटतं, म्हणून बायका तो रस्ता टाळतात.

शालनची थोरली जाऊ शरयू, तिचा आवाज गेल्या वैशाखापासून तिथेच होता. यजमान वारल्यापासून शरयूला हळदीकुंकवाच्या वेळी माजघरात बसवत. तीच तक्रार घेऊन ती उभी राहिली. पण सांगता सांगता तिला रडू आलं, आणि रडणाऱ्या बाईला कोण हसणार? बरणी भरली.

आता शरयूच्या लेकीचं, रेवतीचं लग्न आलं. सासरी निघताना लेकीची पहिली ओटी आपण भरावी, एवढंच शरयूच्या मनात होतं. तिने खणानारळाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. सासूबाईंना, म्हणजे माईंना, ते कळलं.

"नाही हो बाई. विधवेच्या हातची ओटी? शालन भरेल."

"माई, आई आहे ती तिची," शालन म्हणाली.

"म्हणून तर म्हणते. आईनं तरी लेकीचं वाईट करू नये."

माईंच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. शालन ती ओळखत होती. तिच्या स्वतःच्या पोटातही ती होतीच. सोळा सोमवार करणारी बाई अशुभाला भिणार नाही तर कोण भिणार? पण शरयू खण हातात घेऊन घडीवरून बोट फिरवत बसली होती, आणि ते काही शालनला बघवेना. घरच्या माणसाच्या वतीने तक्रार करायला पालिकेची परवानगी होती. तिने नाव दिलं.

"तुला विनोद येतो कुठे?" तिचे यजमान म्हणाले. "लग्नात तू नाव घेतलंस तेव्हा माझ्या आत्या रडल्या होत्या."

"देव सुचवेल काहीतरी."

"आणि नाही सुचवलं तर? तुझ्या शुक्रवारच्या कहाण्या कोण वाचणार?"

कहाणी ऐकायला घरात कुणी नसलं तर तुळशीला सांगावी, पण मोठ्यानं सांगावी. मुक्या बाईचं व्रत कुठपर्यंत पोचतं, ते शालनला कुणी सांगितलं नव्हतं. शरयूने तर तिच्या गळ्यावर हलकेच हात ठेवला आणि नको नको अशी मान हलवली. शालनने तो हात आपल्या हातात घेतला, आणि तशीच तिला सभागृहात घेऊन गेली. माई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. सगळी आळीच आली होती. चिवड्याच्या पुड्या फिरत होत्या.

शालनच्या आधी बबन नावाचा तरुण उभा राहिला. त्याला जातीमुळे गावात कुणी भाड्यानं खोली देत नव्हतं.

"मालक म्हणाले, आडनाव सांगा. मी म्हटलं, काका, आडनाव ठेवायलाच तर खोली शोधतोय!"

सभागृह खळखळून हसलं. खोली नाकारणारे मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि हसून झाल्यावर शेजाऱ्याला म्हणाले, "गुणी पोरगा आहे." हास्य निरीक्षक धुमाळ यांनी मान डोलावली. बबनला खोलीची किल्ली मिळाली. तो खाली उतरला तेव्हा मालकांनी मात्र आपली खुर्ची जराशी सरकवून घेतली. शालनने ते पाहिलं.

मग तिचं नाव पुकारलं. माइकसमोर उभं राहिल्यावर तिला एकही विनोद आठवेना. समोर धुमाळ बरणी मांडीवर घेऊन बसले होते. शालनने डोळे मिटले, हात जोडले, आणि तिला येत होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"आटपाट नगर होतं. तिथं एक आई होती."

सभागृहातल्या बायकांनी सवयीनं चपला काढल्या. कहाणी ऐकताना मुठीत अक्षता लागतात; अक्षता नव्हत्या, म्हणून त्यांनी चिवड्यातले चार चार चुरमुरे मुठीत धरले.

"तिचा नवरा वारला. लोक म्हणाले, बाई, तुझे हात अशुभ झाले. ती म्हणाली, बरं. अशुभ हातांनी तिनं पुरणपोळ्या केल्या, लोकांनी तूप घालून खाल्ल्या. अशुभ हातांनी लग्नाचे लाडू वळले, लोकांनी घरी बांधून नेले."

मागे एक गृहस्थ हसायला लागले. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, कहाणीत हसतात का? व्रत मोडतं!"

ते गप्प झाले. शालन पुढे सांगत राहिली; अर्धी कहाणी सोडता येत नाही.

"मग लेकीच्या ओटीचा दिवस आला. लोक म्हणाले, आता हात मागे घे. तेवढ्यात देवी म्हातारीच्या रूपानं मांडवात आली. म्हणाली, मी भरू का ओटी? लोकांनी तिचं मोकळं कपाळ पाहिलं. म्हणाले, तुझीही चालत नाही. देवी म्हणाली, बरं, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी लोक देवळात गेले, तर गाभारा रिकामा. घरी आले, तर देव्हारा रिकामा. तसं तुमचं आमचं न होवो. लेकीची पहिली ओटी आईनं भरावी, हा वसा. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

कुणीही हसलं नाही. बायकांनी नमस्कार केला.

"हास्य नाही," धुमाळ म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने बरणी शालनच्या हनुवटीखाली धरली. तापल्या दुधावरची साय उचलावी तसा आवाज अलगद निघून आला. फारसं दुखलं नाही. घरी येऊन शालनने देवापुढे निरांजन लावलं आणि आरतीभर नुसतीच घंटा वाजवत राहिली.

दोन दिवसांनी लग्न लागलं, जेवणं झाली. रेवती पाटावर बसली. माईंनी शालनला पुढे केलं, पण शालन जागची हलेना. मग माईंनी शेजारच्या बर्वेकाकूंना बोलावलं.

"छे हो माई, आधी शरयू," बर्वेकाकू म्हणाल्या. "वसा घेतलाय मी."

"नातीचं काही बरंवाईट झालं तर?"

"आणि माझ्या देव्हाऱ्याचं काय? सकाळपासून चारदा डोकावून आले, बाळकृष्ण आहे ना म्हणून! हे बघा, चुरमुरे अजून मुठीत आहेत. टाकू कुठे?"

मांडवातल्या सगळ्या बायकांच्या उजव्या मुठी मिटलेल्या होत्या. माईंचीही होती. त्या दोन दिवस डाव्या हाताने जेवत होत्या. त्या एकदा रेवतीकडे आणि एकदा स्वतःच्या मुठीकडे पाहत राहिल्या; कुठली भीती मोठी, ते त्यांना ठरेना. शेवटी त्यांच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला.

"शरयू, ये."

शरयूने ओंजळीत तांदूळ घेतले. रेवतीनेच खालून तिचे हात धरले. तांदूळ, नारळ, खण पदरात पडले. सगळे श्वास रोखून काहीतरी होण्याची वाट पाहत राहिले. रेवती आईच्या गळ्यात पडून रडली; त्यापलीकडे काही झालं नाही.

शेवटची पंगत उठता उठता निरीक्षक धुमाळ मांडवात आले. मागे त्यांची म्हातारी आई होती, आणि दोन मुलांना घेऊन आलेली बहीण. धुमाळांची उजवी मूठ मिटलेली होती.

"वहिनी, मी ड्यूटीवर होतो हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण चुरमुरे हातात राहिले. हिच्या लग्नात आई स्वयंपाकघरात होती. आता चालेल का?"

शालनला बोलता येत नव्हतं. तिने शरयूशेजारी पाट मांडला. धुमाळांची बहीण पाटावर बसली आणि तिने पदर पसरला. म्हातारीने घाबरत घाबरत विचारलं, "सूनबाई, तांदूळ किती घालू गं?"

शालनने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मांडवाच्या दाराशी आणखी काही म्हाताऱ्या आपापल्या लेकींना घेऊन उभ्या होत्या. शालन तांदळाचा डबा आणायला आत गेली.