यशवंतभाऊ आणि दुर्बिणींची तब्येत

यशवंतभाऊ दुर्बीण हातात आली की आधी ती हुंगतात. मग कानाशी धरून हलवतात, आपण नारळ हलवतो तशी. डोळ्याला लावायची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही आली तर.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो माझी विद्वत्ता बरोबर घेऊन. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. लोलकातून किरण कसा वळतो याची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढायचो, आणि मुलंही ती बहुधा डोळे मिटूनच बघायची. निवृत्त झाल्यावर लोणावळ्यात एका भंगारवाल्याकडे जुनी दुर्बीण दिसली. महायुद्धातली, गोऱ्या सोल्जरची, असं तो म्हणाला. वर लष्करी बाणाचा शिक्का होता, खाली साल कोरलेलं होतं. मी ती घेतली आणि आठवडाभर आमच्या कुसगावात गळ्यात घालून फिरलो. बायको म्हणाली, "रणगाडा कुठं लावलाय?"

मळवलीला एक निवृत्त फिटर आहेत, जुन्या दुर्बिणींचे जाणकार, असं कळलं. म्हटलं, त्यांनाही एकदा खरी वस्तू बघू दे.

भाऊंनी ती हुंगली. "रेक्झिन हाय. चामडं न्हाई." हलवली. "आत लोलक सुटलाय." मग बल्बखाली तिरकी धरली. "काचंवर जांभळी झाक दिसती का? असला लेप लय नंतरचा. आन् बाण बघा. आधी रंग दिलाय, मग बाण ठोकलाय. कडंचे टवके उडालेत."

"पण साल कोरलंय ना, भाऊ."

"सर, वय काय बी सांगता येतं. तब्येत लपत न्हाई."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मग त्यांनी एका बाजूनं टॉर्च मारला आणि मला दुसऱ्या बाजूनं आत बघायला लावलं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. काच निर्जीव असते असं मी तीस वर्षं शिकवत आलो होतो. तिच्यावर काही उगवू शकतं, हे मला तिथं बसून कळलं.

त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. त्यांच्या लोखंडी कपाटात चाळीसेक दुर्बिणी आहेत. ओल धरू नये म्हणून पावसाळाभर कपाटात बल्ब जळतो आणि प्रत्येकीशेजारी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी असते. भाऊंच्या स्वतःच्या सदऱ्याला मात्र श्रावणात कुबट वास येतो. प्रत्येक दुर्बिणीला चिठ्ठी बांधलेली. 'डावा साफ. उजव्यात बुरशी, पन वाढत न्हाई. स्वभाव शांत.' एकीतून दोन-दोन चित्रं दिसत असतील तर 'डोळे भांडत्यात.' एकदा मीही एकीचे डोळे भांडतात असं छातीठोक निदान केलं. भाऊंनी माझा चष्मा काढला, त्याची वाकडी काडी सरळ केली आणि परत दिला. भांडण मिटलं.

तरीही माझा आत्मविश्वास वाढतच गेला. गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी भाऊ आत चहा करत होते आणि मी खिडकीशी उभा होतो. त्यांचं घर जरा उंचवट्यावर आहे, खाली मळवलीचं स्टेशन दिसतं. खिडकीत एक छोटी पितळी दुर्बीण होती, कपाटाबाहेर, चिठ्ठी नसलेली. डोळ्याला लावली तर सगळं धूसर. जुन्या धाटणीची, दोन्ही डोळ्यांना नजर जुळवायचं वेगळं कडं. मी एक फिरवलं, दुसरं फिरवलं, आणि खालचा फलाट स्वच्छ दिसायला लागला.

भाऊ कप घेऊन आले. मी म्हणालो, "हिचे डोळे बिघडले होते, भाऊ. लावून दिले."

त्यांनी कप खाली ठेवले. "फिरवलं?"

"हो."

"तो सुमनचा नंबर व्हता."

सुमनताई त्यांची पत्नी. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, एवढंच मला माहीत होतं. आता कळलं, त्यांच्या कमजोर डोळ्यांना जुळतील तशी ती कडी भाऊंनी एकदा लावून दिली होती, आणि नंतर कुणी हात लावला नव्हता.

मी घाईघाईनं ती मागं फिरवायला गेलो. किती फिरवली होती ते आठवेना. काही हलवण्याआधी आधीची स्थिती लिहून ठेवावी, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. मी तो दरवर्षी जूनमध्ये शिकवायचो.

"चुकलं माझं, भाऊ."

"ऱ्हाऊ द्या सर. तुमाला काय म्हाईत." ते खुर्चीवर बसले. "मी कंपनीतनं लोकलनं यायचो. ती हितं बसून मी उतरलो का बघायची. तिच्या नंबरातनं मला कवा धड दिसलंच न्हाई. मी बी कडी हलवली न्हाई."

मग त्यांनी ती उचलून डोळ्याला लावली. माझे आणि त्यांचे डोळे सारखेच थकलेले असावेत, कारण मी लावलेल्या नंबरातून ते बराच वेळ बघत राहिले.

"स्टेशनाभायेरची चहाची टपरी दिसती की हितनं."

"दिसते."

"बाकडं बी दिसतंय. बसल्याला माणूस कोन, ते बी कळतंय."

मी हो म्हणालो.

"गाडीतनं उतरलो की मी तितं तासभर बसायचो. कवा कवा पत्ते बी खेळायचो. घरी येऊन सांगायचो, गाडी लेट व्हती. ती म्हनायची, असंल, हातपाय धुवा."

दुर्बीण त्यांनी खाली घेतली नाही.

"आन् भाकरी तव्यावरनं नुकती उतरल्याली असायची, सर. रोज. मला वाटायचं, हिला बरूबर कसं कळतं."