डाव कुणाचा?

सन १९४८, चैत्र महिना, निजामाच्या मुलखातल्या गोरेगावच्या जत्रेचा दुसरा दिवस. शेवटच्या कुस्तीचं इनाम निजामी चलनातले तीस हाली रुपये. हजर : जत्रेचे तीन पंच, वर्गणीचा हिशेब ठेवणारा मी, आणि आमचे शेजारी लिंबाजी वस्ताद. वस्तादांनी त्या वेळी दत्तराव पंचांची मान काखेत धरली होती.

ही मारामारी नव्हती. वस्तादांना कुठलीही गोष्ट नुसत्या तोंडाने समजावता येत नसे.

परमुलखातला माणूस दिसला की ते त्याला अडवत. हिंग विकायला आलेल्या काबुल्याला त्यांनी माझ्याच अंगणात विचारलं, "तुमच्याकडं पाय कसा धरतेत?" काबुल्याने धरून दाखवला. माझे दोन रांजण फुटले. माझे सासरे वाशीमहून आठ दिवसांसाठी आले होते. वऱ्हाडात मान कशी सोडवतात हे दाखवल्यावर ते तिसऱ्या दिवशीच परतले.

वस्तादांच्या तालमीत पाच पहिलवान होते. जत्रांची इनामं हीच त्यांची कमाई. नांदेडचा गुरुबचन, तांड्यावरचा रामू, पिंजाऱ्याचा चांद, हटकराचा किसन आणि तेलंगणातला सायन्ना. जेवताना पाचांच्या पाच भाषा चालत, मीठ मागितलं तर पाणी येई.

"असे गोळा काहून केले?" मी एकदा विचारलं.

"अण्णा, एका गल्लीतली पोरं एकमेकाला सांभाळून पाडतेत. येगळा माणूस पाहिजे. त्याच्यासंगं अंग शानं व्हतं."

मला हे नीट कळलं नाही. अजूनही कळलंय असं म्हणवत नाही.

त्या साली दिवस वाईट होते. हिंदू-मुसलमान शेजारी एकमेकांकडे बघून बोलत नव्हते. पंचांनी आधीच बजावलं होतं : चांद मुसलमान, त्याला उतरवायचं नाही, इनामाच्या वाट्यालाही धरायचं नाही. वस्ताद पाचही जणांना घेऊन परत निघाले होते. चांदनेच त्यांना थांबवलं. "वस्ताद, मी बसतो. किसन उतरू द्या. समद्यांच्या पोटाचा सवाल हाय."

किसन उतरला आणि जिंकला. मग वाटणीची वेळ आली, आणि दत्तरावांची मान काखेत गेली.

"सांगा पंच, डाव कुणाचा?"

"किसनचा."

"मान दाबली ती गुरुबचनची रीत. मनगट पिळलं ते चांदचं. पाय अडकवला तो रामूचा. मंग किसनचं काय ऱ्हायलं?"

"लंगोट," काखेतून दत्तराव म्हणाले.

लोक हसले, वस्तादही हसले, पण मान सुटली नाही.

मी हिशेबाचा माणूस. म्हटलं, "वस्ताद, या हिशेबाने सायन्नाचं काही निघत नाही. तो तर वर्षभर सगळ्यांकडून पडतच आलाय."

"त्याला पाडूनच समदे शिकले ना. त्याचं पयलं धरा."

माझा गोंधळ वाढला. दत्तरावांचा चेहरा लाल झाला होता. "धरा चांदला वाट्याला," ते म्हणाले, "पण मला सोडा."

पाच पहिलवान आणि सहावे वस्ताद, असे सहा वाटे मी केले. चांदने आपला वाटा घेतला, पण जागचा हलला नाही.

"वस्ताद, माय भिऊन राहिली. उद्या आमी हैदराबादेला मामाकडं चाललो."

वस्तादांना बायको नाही, लेकरू नाही. ते आखाड्याची माती बोटांनी चुरत बसले.

"तिथं तालीम हाय का?"

"हाय म्हणतेत."

"मंग बराबर हाय. जा." त्यांनी आपले पाच रुपये चांदच्या मुठीत कोंबले. "हे तिथल्या वस्तादाला दे. म्हणावं, ह्या पोराला एकट्याला जेवायला बसवत जाऊ नका. त्याला सवय न्हाई."

"आन् तुमी?" चांदने विचारलं. वस्तादांनी मला हिशेब लिहून टाकायला सांगितलं.

मी वहीत लिहिलं ते असं : पाच पहिलवानांना पाच-पाच रुपये, आणि उरलेले पाच हैदराबादच्या एका वस्तादाला, ज्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.